लोखंडाच्या बाई आणि बालीच्या साळुंक्या

२००४ सालच्या गणपतीत श्टुटगार्टच्या मराठी मंडळात आरतीपेक्षा एक बातमी जास्त मन लावून म्हटली गेली. गेर्लिंगेनच्या नीलांबरीबाईंनी म्हणे शेजाऱ्याचा पक्षी कढईत परतून खाल्ला. साधासुधा पक्षी नव्हे. पांढराशुभ्र, डोळ्याभोवती निळा, जगात मोजके उरलेत त्यांतला एक, आणि किंमत म्हणाल तर त्सुफेनहाउझेनच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या महागड्या शर्यतीच्या गाडीएवढी. त्यातून तोही श्रावणात. खाल्ला याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. वाद होता तो रस्सा की सुकं, एवढाच. सुक्याची बाजू जरा जड होती, कारण बाईंच्या हातचा रस्सा ज्यांनी ज्यांनी चाखला होता ते सगळे त्या बाजूला गेले होते.

ही बातमी आणली वासंतीबाईंनी. वासंतीबाई त्सुफेनहाउझेनच्या. बाई सज्जन, मनाने मोकळ्या, पोटात काही ठेवत नाहीत. त्यांनी ती फक्त चौघींना सांगितली, आणि तीही 'कुणाला बोलू नका' असं बजावून. म्हणजे विसर्जनाच्या आत ती इंगोलश्टाटला पोचणार हे ठरलंच. तिथे नीलांबरीबाईंची मुलगी अवनी मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तरं ती जर्मनमध्येच देते, आणि भांडायचं असलं की अधिकच शुद्ध जर्मनमध्ये देते. तिने फोन करून आईला विचारलं, हे मी काय ऐकतेय. बाई म्हणाल्या, "बोलू दे लोकांना," आणि फोन ठेवला. आता निर्दोष माणूस असं बोलतो का, तुम्हीच सांगा.

तर या नीलांबरीबाई मूळच्या वाईच्या. १९७५ साली चारुदत्तरावांच्या पाठोपाठ इथे आल्या. चारुदत्तराव गेर्लिंगेनच्या एका मोठ्या कंपनीत इंधनपंपांची चित्रं काढायचे आणि घरी गप्प बसायचे. दोन्ही कामं त्यांनी निवृत्तीपर्यंत चोख केली. बाई विज्ञानाच्या पदवीधर. इथे येऊन पुन्हा परीक्षा दिल्या आणि एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लागल्या, रक्त तपासायला. सव्वीस वर्षं रक्तच पाहिलं. माणूस समोर आला की लोक त्याचा चेहरा बघतात, कपडे बघतात. बाई त्याची खालची पापणी बघायच्या. नमस्कार व्हायच्या आत अंगठ्याने ती खाली ओढायच्या आणि म्हणायच्या, "साडेनऊ. फार तर दहा." समोरची बिचारी काल विमानातून उतरलेली नवी नवरी असायची. तिला वाटायचं, साडेनऊ वाजलेत, आता आपण निघावं.

साडेनऊ हे हिमोग्लोबिन. आणि त्यावर बाईंचा एकच उपाय: लोखंडी कढई. दर खेपेला पुण्याच्या बोहरी आळीतून त्या दोन-तीन कढया आणायच्या, साड्यांच्या घडीत गुंडाळून. फ्रांकफुर्टच्या विमानतळावर एकदा कस्टमवाल्याने बॅग उघडायला लावली, आत तीन काळ्या लोखंडी वाट्या, चिलखताच्या टोप्यांसारख्या. काय आहे, म्हणून त्याने विचारलं. बाईंनी त्याची पापणी ओढली आणि त्याला पालक खायला सांगितलं. हे मी नाही म्हणत, चारुदत्तराव सांगतात, आणि ते वर्षातून एकदाच काहीतरी सांगतात, म्हणून खरं धरायचं.

श्टुटगार्टच्या आसपास चौतीस मराठी घरांत बाईंनी दिलेली कढई आहे. सोबत तोंडी कृती: पालेभाजी याच कढईत करायची, शिजली तरी जरा वेळ तिच्यातच ठेवायची, आणि वर लिंबू पिळायचं, कारण लिंबाशिवाय लोखंड अंगी लागत नाही. काळे मनुके रात्री भिजवायचे. गूळ साखरेच्या जागी. मुलींनी ऐकलं, आणि खरं सांगायचं तर मुलींची पापणी लाल झाली. बाईंचा शब्द त्यामुळे वजनदार होता. स्वतःच्या घरात चारुदत्तराव तीस वर्षं काळी भेंडी खात होते. कधी तरी गंज चढून मरेन, एवढंच म्हणायचे, तेही वाढून घेताना.

बाई २००२ला निवृत्त झाल्या आणि रक्त तपासायला कुणी उरलं नाही. रांगेतल्या घरांपैकी शेवटचं त्यांचं. पलीकडच्या घरात हेर, म्हणजे श्रीयुत, एबर्ले. निवृत्त ट्राम ड्रायव्हर, विधुर, श्वाबेन मुलखातला अस्सल माणूस. जिना झाडण्याची पाळी, ज्याला इथे केरवोखे म्हणतात, ती त्यांनी स्वतःच्या एकट्याच्या घरातही चालू ठेवली होती. दर शनिवारी स्वतःच स्वतःची पाळी लावून घ्यायचे. त्यांच्या मागच्या अंगणात जाळीचं मोठं दालन होतं, त्याला लागून गरम केलेली खोली, आणि आत दोन पांढरे पक्षी.

बाईंनी पहिल्यांदा त्यांचा आवाज ऐकला तेव्हा त्या हातातला पाट तसाच ठेवून कुंपणाशी गेल्या. आवाज ओळखीचा होता. रंग बघून मात्र चक्रावल्या. दुधात बुडवून काढल्यासारखं अंग, पंखांची आणि शेपटीची टोकं तेवढी काळी, डोळ्याभोवती मोरपिशी निळं कातडं आणि डोक्यावर लांब तुरा. दोघंही एकमेकांसमोर माना खालीवर करत होते, मंडळाच्या सभेत ठराव मंजूर करतात तशा.

"या तर साळुंक्या आहेत," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे या कचराकुंडीवर नाचतात."

हेर एबर्ले वळून घरात गेले. पंधरा दिवस बोलले नाहीत. मग एका सकाळी कुंपणावरून म्हणाले, "म्हणूनच तुमच्या अजून आहेत."

तिथून दोघांची गट्टी जमली. एबर्लेंनी सांगितलं की ही बालीची साळुंकी, त्या एका बेटाच्या एका टोकाला राहणारी, दुसरीकडे कुठेच नाही. दिसायला देखणी, हीच तिची चूक. तिकडच्या श्रीमंतांना ती पिंजऱ्यात टांगायला हवी असते. दारात पांढरी साळुंकी म्हणजे प्रतिष्ठा. झाडांना चिकट गोंद लावून पकडतात. जंगल तोडून शेती झाली ते वेगळंच. राखायला म्हणून अभयारण्यात पैदास केंद्र काढलं, तर दरोडेखोर शस्त्रं घेऊन आले आणि केंद्रातलेच पक्षी उचलून नेले. आता रानात मोजायला जाणाऱ्यांना दोन हातांच्या बोटांइतकेही सापडत नाहीत. युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत आणि एबर्लेंसारख्या काही घरांत मिळून जे आहेत ते जपायचे, वाढवायचे. प्रत्येकाच्या पायात नंबराची कडी, प्रत्येकाची वंशावळ एका मोठ्या वहीत, जन्म कधी, मृत्यू कशाने. लग्नंसुद्धा वहीवाले जमवतात. सख्ख्या नात्यात होऊ देत नाहीत.

"गोत्र बघतात म्हणजे," बाई चारुदत्तरावांना म्हणाल्या. बाईंना ती व्यवस्था फार पटली.

एबर्ले पक्ष्यांना कडीच्या नंबरांनी हाक मारायचे, एक्केचाळीस आणि अठ्ठावन्न. बाईंनी बारसं केलं. नर तुरा फुलवून मधल्या दांडीवर बसायचा आणि सगळ्यात चांगला घास त्याला हवा असायचा, म्हणून तो जावईबापू. मादी ताटलीपाशी येऊन आधी प्रत्येक पदार्थाला तिरकी मान करून नाव ठेवायची, म्हणून ती वन्सं. एकाच घरात जावई आणि नणंद यांचं जोडपं कसं, हे बाईंना विचारायची सोय नव्हती.

२००४च्या जूनमध्ये एबर्लेंच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. तीन आठवडे इस्पितळ, मग बाड उराख गावच्या पुनर्वसन केंद्रात. म्हणजे दीड महिना. पक्षी कुणाकडे? बाईंनी मागूनच घेतले. एबर्लेंनी प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद दालनाच्या दाराला टांगला. सकाळी काय, दुपारी काय, अळ्या किती, पपई किती, पक्ष्यांचं तयार खाणं कोणत्या डब्यातलं. खाली जाड अक्षरांत: यात जे नाही ते द्यायचं नाही. का नाही, ते लिहिलं नव्हतं.

आता दुसऱ्याच्या हातची पाककृती आपल्याकडे कशी वाचतात ते ठाऊक आहे ना. मान डोलवत वाचायची आणि मनात दुरुस्त करत जायची. बाईंनी कागद दोनदा वाचला, 'जा, जा, गेनाऊ', म्हणजे 'हो, हो, अगदी तसंच' म्हणाल्या आणि एबर्लेंना टॅक्सीत बसवलं.

ऑपरेशनला जंतू लागले, दुसरं करावं लागलं, दीड महिन्याचे चार झाले. इकडे जुलैच्या मध्यावर जावईबापू गप्प बसायला लागला. अंग फुगवून दांडीच्या कोपऱ्यात, तुरा पडलेला, खाली रोज दोन-चार पिसं. पक्ष्यांची पिसं उन्हाळ्यात गळतात, नवी येतात, तेवढे दिवस त्यांना मरगळ असते. एबर्लेंनी हे कुंपणावरून सांगितलंही होतं. पण बाईंना दिसला तो सव्वीस वर्षांत हजारदा दिसलेला चेहरा. पापणी ओढायची सोय नव्हती, म्हणून चोच बघितली. फिकी वाटली. निदान झालं.

दुसऱ्या दिवसापासून सुरुवात. पालक लोखंडी कढईत वाफवायचा, जरा वेळ तिच्यातच ठेवायचा, बारीक चिरायचा, वर चार थेंब लिंबू. भिजवलेले काळे मनुके. गुळाचा खडा कुस्करून. वन्संनी मान तिरकी केली आणि शिवल्यासुद्धा नाहीत. जावईबापूंनी मात्र वाटी चाटूनपुसून साफ केली. पंधरा दिवसांत नवी पिसं आली, तुरा उभा राहिला. ती आपोआपच यायची होती, पण श्रेय कढईने घेतलं. बाईंनी अवनीला फोनवर सांगितलं की जर्मन लोकांना लोखंडाची अक्कल नाही. अवनी म्हणाली, आई, तो रानटी पक्षी आहे, तुझ्या मंडळातली सून नाही. बाईंनी सोडून दिलं.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, एका बुधवारी सकाळी, जावईबापू दांडीवरून खाली पडलेला सापडला. जिवंत होता, पण चोच उघडी टाकून धापा टाकत होता आणि पोट मडक्यासारखं फुगलं होतं.

चारुदत्तरावांनी गाडी काढली. पलीकडच्या गावात पक्ष्यांची डॉक्टरीण होती. तिने क्ष-किरण काढला: यकृत दुप्पट, पोटात पाणी. काय खातो, तिने विचारलं. बाईंनी पिशवीतून प्लास्टिकमधला कागद काढून टेबलावर ठेवला.

डॉक्टरीण तो वाचून म्हणाली, हे उत्तम आहे. मग म्हणाली, या जातीत असं दिसलं की पहिला संशय लोखंडावर जातो. साळुंक्यांच्या शरीराला नको असलेलं लोखंड बाहेर टाकता येत नाही. जेवढं मिळेल तेवढं यकृतात साठतं आणि शेवटी यकृतच जातं. पण या आहारात लोखंड जवळजवळ नाहीच. तेव्हा दुसरं काहीतरी असणार, बहुधा जंतू. पाणी काढते, पक्षी ठेवून घेते, प्रतिजैविकं सुरू करते.

बाईंनी कागद पुन्हा पिशवीत घातला. कागद खोटा नव्हता. त्यांनी तोंडाने एक शब्दही खोटा उच्चारला नव्हता.

परतताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा चारुदत्तराव समोर बघत म्हणाले, "अगं, पालकाचं सांगितलंस?"

"हिरवा झालाय. गाडी बघा."

हिरवा झाला नव्हता. चारुदत्तराव तांबड्याकडे बघत बसले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि बाईंना तेच जास्त झोंबलं.

बाईंच्या मनात काय चाललं असेल ते बघा. खरं सांगितलं तर औषध बदलेल आणि पक्षी कदाचित जगेल. पण खरं सांगायचं म्हणजे 'मी दिलं' म्हणायचं. ज्या बाईने चौतीस घरांना लोखंड शिकवलं तिने लोखंडानेच जीव घालवला, आणि तोही असा जीव की ज्याच्या मागे सबंध जगात शे-दोनशे माणसं वह्या घेऊन उभी आहेत. एबर्ले तर पुन्हा कुंपणाशी यायचे नाहीत. गुरुवारी बाईंनी दोनदा डॉक्टरिणीचा नंबर फिरवला आणि घंटा वाजायच्या आत ठेवून दिला.

शुक्रवार श्रावणातला. बाईंकडे दरवर्षी जिवतीचं हळदीकुंकू असतं, दूध, चणे-गूळ, पाच-सहा बायका. त्यांनी सगळ्यांना फोन करून या खेपेला नको म्हणून सांगितलं. वासंतीबाईंना सांगायचं राहिलं, किंवा वासंतीबाईंनी ऐकलं नाही, त्या आल्या. दार उघडंच होतं. त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथे काय दिसलं ते त्यांनी पुढे गणपतीत सांगितलं. थोडक्यात: मागच्या खिडकीतून दिसणाऱ्या जाळीत एकच पक्षी, मोरीत कढई, कढईच्या काठाला चिकटलेलं एक पांढरं पीस, आणि नीलांबरीबाई डोळ्यांना पदर लावून.

"अहो, काय झालं नीलाताई?"

"मी केलं," बाई म्हणाल्या. "माझ्या हाताने केलं."

वासंतीबाईंनी हळदीकुंकू स्वतःच लावून घेतलं आणि पुढची ट्राम पकडली.

संध्याकाळी डॉक्टरिणीचा फोन आला. औषधाचा काही उपयोग दिसत नाही. खात नाहीये. सोमवारपर्यंत वाट बघू.

शनिवारी सकाळी बाई एकट्याच निघाल्या. चारुदत्तराव येतो म्हणत होते, पण त्या नको म्हणाल्या. ट्राम, मग गाडी, मेट्सिंगेनला बदलून छोटी गाडी, बाड उराख. आधी एबर्ले, मग डॉक्टरीण, असं त्यांनी ठरवलं होतं. ज्याचा पक्षी त्याला ही गोष्ट दवाखान्याच्या बिलातून कळू नये. पुनर्वसन केंद्राच्या बागेत टॉवेलचे झगे घातलेली माणसं काठ्या टेकत गोल फिरत होती. एबर्ले बाकावर बसले होते. बाईंना बघून ते आधी खूश झाले, मग चेहरा बघून राहिले नाहीत.

"मेला?"

"नाही. पण तुमच्या कागदात नव्हतं ते मी दिलं."

"काय?"

"पालक. लोखंडी कढईतला. काळे मनुके. गूळ. चाळीस दिवस."

"लिंबूही?" एबर्लेंना बाईंची कृती पाठ होती, कुंपणावरून त्यांनी ती निदान दहा वेळा ऐकली होती.

"हो. त्याशिवाय अंगी लागत नाही."

"लागलं," एबर्ले म्हणाले.

झगेवाल्यांची एक फेरी पूर्ण झाली. बाई उठायच्या बेतात होत्या, तेव्हा एबर्ले काठीच्या मुठीकडे बघत सांगू लागले. १९९१ साली त्यांच्याकडे पहिली जोडी होती. कुणाच्या तरी सांगण्यावरून ते मांजरांच्या डब्यातलं मांस घालायचे, पक्षी आवडीने खायचे. एका हिवाळ्यात दोन्ही गेले, पोट फुगून. डॉक्टरने यकृत कापून बघितलं आणि लोखंड सांगितलं. एबर्लेंनी वंशावळीच्या वहीवाल्यांना कळवलं: वार्धक्य. पक्षी तीन वर्षांचे होते. वहीवाल्यांनीही विचारलं नाही, तीन वर्षांत कसलं वार्धक्य.

बाईंचे डोळे बारीक झाले. प्रयोगशाळेतल्या मुलींना ते डोळे माहीत होते.

"मग कागदावर का नाही लिहिलंत, लोखंड नको म्हणून?"

"लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, तुम्हाला कसं कळलं."

"मी विचारलं असतं."

"तुम्ही तर विचारलंच असतं," एबर्ले म्हणाले. मग त्यांनी झग्याच्या खिशातून नाण्यांची पुरचुंडी काढली, दोघंजण काठीच्या वेगाने दिवाणखान्यातल्या टेलिफोनपाशी गेले, आणि डॉक्टरिणीच्या तातडीच्या नंबरावर बाईंनी सगळं सांगितलं. ग्रॅम, दिवस, लिंबाचे थेंब. सव्वीस वर्षांची सवय. एकदा सुरू झाल्यावर त्यांनी काही गाळलं नाही. शेवटी स्वतःचं पूर्ण नावही सांगितलं, तेही स्पेलिंगसकट.

पुढचे उपचार ऐकून चारुदत्तराव त्या वर्षातलं दुसरं वाक्य बोलले, म्हणजे बघा. जावईबापूच्या अंगातून दर आठवड्याला थोडं थोडं रक्त काढायचं, म्हणजे नवं रक्त तयार करायला शरीर यकृतातलं लोखंड वापरतं. जन्मभर लोकांच्या अंगात रक्त भरायला निघालेली बाई आता एका पक्ष्याचं काढायला धरून बसणार. "फिटली म्हणायची तुझी सेवा," चारुदत्तराव म्हणाले. दुसरी गोष्ट चहा. काही जण खाण्यावर कोरा चहा शिंपडून बघतात, डॉक्टरीण म्हणाली. चहा लोखंडाला धरून ठेवतो, अंगी लागू देत नाही. खात्री नाही, पण अपाय नाही. बाई आल्या-गेल्याला पंचवीस वर्षं हेच ओरडून सांगत होत्या, जेवणावर चहा घेऊ नका, लोखंड वाया जातं. आता रोज सकाळी त्या बिनसाखरेचा, बिनदुधाचा कडू चहा करायच्या, थंड करायच्या आणि पपईच्या फोडींवर शिंपडायच्या. वन्सं त्यालाही नाव ठेवायच्या, पण खायच्या.

तीन आठवड्यांनी, गणपती बसले त्याच दिवशी, जावईबापू घरी आला. म्हणूनच बाई मंडळात गेल्या नाहीत. आणि त्या गेल्या नाहीत म्हणूनच मंडळात काय ते नक्की झालं.

ऑक्टोबरात एबर्ले दोन काठ्यांवर परतले. दोघांनी मिळून नवा कागद लिहिला. पहिली ओळ तांबड्या शाईत, आणि का ते त्याच ओळीत. मग एबर्लेंनी वहीवाल्यांना पत्र धाडलं, १९९१चं वार्धक्य खोडा आणि लोखंड लिहा. बाईंनी चाळीस दिवसांचं टिपण सोबत जोडलं आणि शेवटी आपली सही केली. बाईंना वाटलं, आता पक्षी काढून घेतील. आलं ते भलतंच. पत्राची नक्कल इतर पाळणाऱ्यांना गेली, आणि हिवाळाभर वहीवाल्यांकडे एकेकाची उत्तरं येत राहिली. हॉलंडमधला एक, डेन्मार्कचे दोघं, एक बाई पार पोर्तुगालहून. सगळ्यांच्या घरी कधी ना कधी एखादा पक्षी कोवळ्या वयात वार्धक्याने गेला होता. बेटावर सापळेवाले होतेच. इकडे लाड करणारे होते, आणि लाजून गप्प बसणारे. कुणी मांजराचं खाणं, कुणी काळजी वाटून शक्तीचं औषध. पालकाची भाजी मात्र एकट्या नीलांबरीबाईंची.

२००६च्या वसंतात वन्संनी तीन निळी अंडी घातली. दोन पिल्लं जगली. दोघांनीही आपल्या बापासारखी मधली दांडी पकडली आणि घासावरून भांडली. पुढच्या वर्षी वहीवाल्यांनी एकाला उत्तरेकडच्या एका प्राणिसंग्रहालयात स्थळ बघितलं. लाकडी खोक्यातून तो निघाला तेव्हा बाईंनी त्याच्या खाण्याची यादी खोक्यावर चिकटवली, चार प्रतींत. त्याच्या पुढच्या पिढीतलं कुणी बेटावर परत जाईल का, कुणाला ठाऊक. एबर्ले म्हणायचे, जाईल. बाई म्हणायच्या, आधी खाऊ दे नीट.

एबर्लेंना त्या वर्षी जिने झेपेनात, ते वृद्धाश्रमात गेले. जायच्या आधी सरकारी कचेरीतून माणूस आला, दालन बघून गेला, आणि जोडी रीतसर बाईंच्या नावावर झाली. चारुदत्तरावांनी खोलीचा हीटर बदलला आणि पाइपांचं व्यवस्थित चित्र काढून भिंतीला लावलं. रविवारी एबर्ले ट्रामने यायचे, बाकावर बसायचे, आणि बाईंनी आतून आणलेली काळी भेंडी खायचे. त्यांना ती आवडायला लागली होती. माणसांना चालतं, असं बाईंनी त्यांना आणि नव्या सुनांनाही स्पष्ट करून सांगितलं होतं. कढया वाटणं चालूच होतं. आता चाळीस झाल्या.

तर मग मंडळातली ती गोष्ट बाईंनी खोडून का काढली नाही? वासंतीबाई अजूनही हळदीकुंकवाला जातात आणि वाटीत काय आहे ते आधी चमच्याने उलटून बघतात. बाई बघत असतात आणि हसतात. एकदा अवनीने फारच पिच्छा पुरवला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, की पक्षी खाणारी बाई म्हणाले तर चालेल मला. पालक चुकला म्हणाले तर चालणार नाही.

तेव्हा मीच सांगतो. नीलांबरीबाईंनी पक्षी खाल्ला नाही. त्या शुक्रवारी तो दवाखान्यात होता. पीस त्याचं होतं, गळलेलं, त्यांच्या पदराला लागून आत आलेलं. कढईत पालक शिजला होता. त्या पालकाने तो आजारी पडला, तो बाईंनी दिला होता, आणि दुसऱ्या दिवशी बाड उराखला जाऊन त्यांनी तसं सांगितलं.